नांदेडहून निघालेले पैसे

१

गुरुबसप्पा मेले आहेत हे कार्यालयात कळलं तेव्हा सगळ्यांची जेवणं उरकली होती. सकाळपासून ते साहेबांच्या केबिनबाहेरच्या बाकावर भिंतीला डोकं टेकून बसले होते. येणारे-जाणारे त्यांना झोप लागलीय असं समजून बाजूनं जात होते. शिपायानं चहा पुढं केला, खांद्याला हात लावला, तसे ते एका अंगावर कलले.

लातूरच्या प्रादेशिक बांधकाम मंडळात ते कित्येक वर्षं लेखापाल होते. मेले तेव्हा मात्र ते निलंबित होते. डॉक्टरांनी हृदयविकार लिहिला, पोलिसांनी कागद मिटवले. कार्यालयात दबक्या आवाजात एवढंच बोललं गेलं, की पैसा खाल्ला पण पचला नाही.

पैसा म्हणजे एक कोटी चाळीस लाख. तीन वर्षांपूर्वीच्या मार्चअखेरीला नांदेडच्या बालआरोग्य मंडळानं तो या लातूरच्या मंडळाकडं वर्ग केला होता. धर्माबादच्या पुढं मांडवखेड म्हणून गाव आहे, तिथल्या सरकारी दवाखान्यात नवजात बाळांसाठी कक्ष बांधायचा होता. नांदेड म्हणत होतं, आम्ही दिले. लातूर म्हणत होतं, आम्हाला मिळाले नाहीत. दोन्ही कार्यालयं सरकारचीच, आणि कक्षाची एक वीटही रचली गेली नव्हती.

फेब्रुवारीत हे प्रकरण जोहरा सय्यद यांच्या टेबलावर आलं. त्या लेखापरीक्षक. लहानपण नांदेडच्या इतवाऱ्यात गेलेलं, वडिलांचं चष्म्याचं दुकान. दोन सरकारी खात्यांचा ताळमेळ घालायचा, म्हणजे एकानं दिलेलं दुसऱ्याच्या मिळालेल्याशी जुळवून पाहायचं, हेच त्यांचं काम.

"जोहराबाई, यात शोधायचं काही नाही," वरचे साहेब म्हणाले. "लेखापालानं अपहार केला असं लिहा. वसुली कुटुंबाकडून दाखवा. मार्चच्या आत विषय संपला पाहिजे."

"कुटुंबाकडून म्हणजे?"

"बायकोची पेन्शन अडकवायची. दुसरं काय आहे त्यांच्याकडं?"

जोहरा फाईल घेऊन उठल्या. आरोप ज्याच्यावर होता तो बोलायला उरला नव्हता, आणि त्याचा जबाबही फाईलमध्ये कुठं नव्हता. तो कुणी घेतलाच नव्हता.

२

नांदेडला बालआरोग्य मंडळात आप्पासाहेब प्रशासन अधिकारी होते. पैसे त्यांच्याच सहीनं निघाले होते. जूनमध्ये ते निवृत्त होणार होते आणि टेबलाचे खण त्यांनी आतापासूनच रिकामे करायला घेतले होते.

"दिले म्हणजे दिले," ते म्हणाले. "कोषागारातून आमच्या नावावरून वजा झाले. बघा तुम्ही."

"बँकेतून गेले?"

"बँक कुठं आली मॅडम यात? सरकारच्या या खिशातून काढून त्या खिशात. कोषागार फक्त आकडा इकडचा तिकडं करतं. नोट कुणाच्या हाताला लागत नाही."

"मग गुरुबसप्पांनी खाल्ले कसे?"

"मिळाल्यावर काढले असतील. तिकडचं मला काय ठाऊक?"

"कोणत्या खात्यावर पाठवायचे, तो क्रमांक कुणी दिला?"

आप्पासाहेबांनी खणातला जुना चष्मा काढला, पुसला आणि परत ठेवला. "लातूरहूनच. एकतीस मार्चची धांदल, फोनवर उतरून घेतला. कोण बोललं आता आठवत नाही."

"पैसे पोचले का, म्हणून नंतर विचारलं नाहीत?"

"पत्रं लिहिली की. उत्तरं आली, मिळाले नाहीत म्हणून. आम्ही पुन्हा लिहिलं, दिले म्हणून." त्यांनी खण लावून घेतला. "मांडवखेडहून बाळं अजून जीपनंच नांदेडला आणतात, मॅडम. काही कमी दिवसांची असतात, काहींना श्वासच नीट घेता येत नाही. सगळी पोचत नाहीत."

जोहरा दारापर्यंत गेल्या, तेव्हा मागून आवाज आला.

"त्या माणसाचे मला फोन येत होते. गुरुबसप्पाचे. मरायच्या आधी महिनाभर."

"काय म्हणत होते?"

"मी उचललेच नाहीत," आप्पासाहेब म्हणाले.

३

लातूरच्या मंडळाचे प्रमुख वैजनाथ देखणे, मृदू बोलणारे गृहस्थ होते. बढतीचं त्यांचं नक्की झालं होतं. पुण्याला जायचं होतं. त्यांनी जोहरांना स्वतः खुर्ची ओढून दिली आणि चहा सांगितला.

"माणूस वाईट नव्हता हो. पण मोह कुणाला सुटत नाही. आधी उदगीरला होता, मग आमच्याकडं आला. हिशेब एकहाती त्याच्याकडं. कुठं फिरवले कुणास ठाऊक."

"तुमच्या खात्यावर पैसे आल्याची नोंदच नाही. न आलेले पैसे त्यांनी फिरवले कसे?"

"तेच तर त्याला विचारत होतो आम्ही. उत्तर द्यायच्या आत गेला." त्यांनी खरोखर उसासा टाकला. "मॅडम, तुम्ही उगाच जिवाला त्रास करून घेताय. एवढा एकतीस मार्च जाऊ द्या. त्यानंतर हा प्रश्नच उरणार नाही."

जोहरांना वाटलं, वर्षअखेरीचं ओझं म्हणतायत. सगळेच साहेब मार्चात असं बोलतात.

"गेले त्या दिवशी ते इथं कशाला आले होते?"

"सुनावणी होती त्यांची. मी बैठकीत अडकलो. नशीब."

जोहरा बाहेर आल्या. ते बाक अजून तिथंच होतं, आता त्यावर रद्दीचे गठ्ठे रचलेले होते. समोरच्या टेबलावरची बाई उठून त्यांच्यासोबत जिन्यापर्यंत चालत आली. गुरुबसप्पांच्या जागेवर बसवलेली ही शिवकन्या. वरची पायरी उतरल्यावर तिनं मागं वळून पाहिलं.

मग म्हणाली, "मॅडम, त्या दिवशी कसलीच सुनावणी नव्हती."

४

दोघी मागच्या अंगणात कडुनिंबाखाली उभ्या राहिल्या. शिवकन्या सारखी वरच्या खिडकीकडं बघत होती. निलंबनामुळं तिला ही जागा मिळाली होती, हे जोहरा विसरल्या नव्हत्या.

"मग का आले होते?"

"रोजच यायचे. शेवटच्या दिवसांत रोज. बाकावर बसायचे, संध्याकाळी उठून उदगीरची एसटी धरायचे. साहेब आत घ्यायचे नाहीत."

"आधीपासून असंच?"

"नाही ना. निलंबनानंतर, दिवाळीच्या आधी एकदा आले तेव्हा साहेबांनी लगेच आत घेतलं. चांगला वेळ बसले. बाहेर आले ते हसतच. मला म्हणाले, शिवकन्या, सापडलं. मी म्हटलं, काय सापडलं काका? तर म्हणाले, साहेबांनी कुणाला बोलू नका म्हटलंय, ते सगळं नीट करणार आहेत." तिनं पदरानं तोंड पुसलं. "कँटीनमधून पेढे आणून वाटले त्यांनी. कशाचे ते कुणालाच कळलं नाही. आम्ही खाल्ले."

"आणि दिवाळीनंतर?"

"दिवाळीनंतर त्यांच्यावर आरोपपत्र निघालं. साहेबांच्याच सहीनं."

"हे पोलिसांना सांगितलंत?"

"मी हंगामी आहे मॅडम. दरवर्षी मुदत वाढवून घ्यावी लागते." तिनं पुन्हा खिडकीकडं पाहिलं. "तुम्ही माझं नाव लिहिणार आहात का?"

जोहरांनी नाही म्हणून मान हलवली. काय सापडलं होतं, ते मात्र सांगणारं कुणी नव्हतं. असलंच तर ते उदगीरला, त्यांच्या घरी होतं.

५

गुरुबसप्पांच्या बायकोच्या, लक्ष्मीबाईंच्या घरात पाऊल ठेवताच जोहरा अडखळल्या. बैठकीची फरशी उखडलेली होती. खाली नुसती माती, आणि तिच्यावर सतरंजी.

"पोलिसांनी खांदलं," लक्ष्मीबाई म्हणाल्या. बाई साठीच्या, कपाळावर भस्म, बोलण्यात मराठीइतकंच कानडी. "पैसा पुरलाय म्हणून. चूक माजीच हाय बाई. मीच बोलून गेले."

"काय बोललात अक्का?"

"त्यो झोपेत बी एकच बडबडायचा. मुच्चिद मनी, मुच्चिद मनी. म्हंजी कानडीत बंद घर. मी इचारलं, तर म्हणाला, पैसा बंद घरात पडलाय, कुणी हात लावला न्हाई, अन् मी चोर झालो. त्यो गेल्यावर जमादारानं इचारलं तवा मी त्येच सांगितलं. त्यांनी घर खांदलं. लोह्याला माझ्या भावाचं घर रिकामं हाय, त्ये बी खांदलं. भाऊ बोलत न्हाई आता."

"काही सापडलं?"

"पुरलं असंल तर सापडंल की."

चहा आला. जोहरांनी कप हातात धरला आणि तसाच ठेवला. वैजनाथांचं वाक्य त्यांना आठवलं, आधी उदगीरला होता.

"अक्का, लातूरला जायच्या आधी ते इथं उदगीरलाच नोकरीला होते ना? ते कार्यालय कुठाय?"

"कवाच बंद झालं. लातूरच्यात घातलं. आता तितं मोबाईलचं दुकान हाय." लक्ष्मीबाईंच्या चेहऱ्यावर पहिल्यांदाच थोडं हसू आलं. "लई जीव हुता त्याचा त्याच्यावर. मला म्हणायचा, माजी दोन मनी हायत, दोन घरं. एक तुजं, एक हापिस."

जोहरा उठल्याच. दाराच्या चौकटीला धरून त्यांनी चप्पल घातली.

"काय झालं बाई?"

"काही नाही अक्का. पोलिसांनी चुकीचं घर खणलं."

६

उदगीरच्या उपकोषागारात रामलिंग नावाचे वयस्क अधिकारी एकटेच बसले होते. जोहरांनी ओळखपत्र दाखवलं आणि गुरुबसप्पांच्या त्या बंद झालेल्या कार्यालयाचं, बांधकाम उपविभागाचं नाव सांगितलं. रामलिंगांनी संगणकावर दोन बोटांनी टाइप केलं.

"ते कार्यालय तर उठलं मॅडम."

"कार्यालय उठलं. खातं?"

रामलिंग पडद्याकडं वाकले, आणि तसेच राहिले.

"खातं जिवंत हाय," ते हळूच म्हणाले. "बंद करा म्हणून आम्हाला कुणी कळवलंच न्हाई. अन् ह्याच्यात एक कोटी चाळीस लाख पडलेत. नांदेडहून आलेत, मार्चअखेरीला. त्यातला रुपया कुणी काढलेला न्हाई."

जोहरा खुर्चीत बसल्या. नांदेड खरं बोलत होतं आणि लातूरही खरं बोलत होतं. नांदेडनं दिले होते. लातूरला मिळाले नव्हते. मधे एक कार्यालय होतं, जे आता कुठंच नव्हतं, आणि पैसे त्याच्या नावावर जाऊन पडले होते. त्यात डोकावून बघणारं कुणी उरलं नव्हतं. तिथं पूर्वी काम केलेला एकच माणूस होता, त्याला शेवटी ते आठवलं असणार.

"तुम्हाला कधी हे विचित्र वाटलं नाही?"

"आमच्याकडं जमा करायला येतात मॅडम, मागायला येतात. हे मागायला कुणी आलं न्हाई."

"आणि कुणी आलंच नाही तर?"

"तीन आर्थिक वर्षं पुरी झाली की ठेव बुडते. म्हंजी सरकारजमा होते, आपोआप. ह्याची मुदत," त्यांनी पडद्यावर बोट ठेवलं, "ह्याच एकतीस मार्चला संपते."

जोहरांच्या कानात वैजनाथांचा मृदू आवाज पुन्हा घुमला.

७

"चोरीला गेलेल्या पैशाचा प्रश्न एकतीस मार्चला संपत नाही, साहेब," जोहरा वैजनाथांच्या केबिनमध्ये उभ्या राहून म्हणाल्या. त्यांनी खुर्ची घेतली नव्हती. "चोरी चोरीच राहते. दहा वर्षांनीही वसुली निघते. एकतीस मार्चला फक्त अशा पैशाचा प्रश्न संपतो, जो कोषागारात पडून आहे आणि ज्याला मालक नाही. म्हणजे तुम्हाला माहीत होतं तो पडून आहे."

वैजनाथांनी दार लावून घेतलं.

"उदगीरचा उपविभाग तुमच्या काळात बंद झाला. खातं कोषागाराला कळवून बंद करायचं काम तुमचं होतं. तुम्ही वर प्रमाणपत्र पाठवलंत, खातं बंद केलं म्हणून; त्याची प्रत मी काढलीय. केलं नव्हतंत. जुना क्रमांक कार्यालयाच्या यादीत तसाच राहिला आणि मार्चच्या घाईत इथूनच कुणीतरी नांदेडला तोच सांगितला. दिवाळीच्या आधी गुरुबसप्पांनी तुम्हाला येऊन सांगितलं पैसे कुठं आहेत. त्यांना वाटलं, साहेब आता पत्र लिहितील. पेढे वाटले त्यांनी. पत्र लिहिलं असतंत, तर खातं उघडंच होतं हे दिसलं असतं, आणि खोट्या प्रमाणपत्रावर तुमची सही."

"मी एक पैसा खाल्लेला नाही," वैजनाथ म्हणाले.

"नाही. कुणीच खाल्लेला नाही."

ते खुर्चीत बसले. मग खालच्या आवाजात म्हणाले, "मला वाटलं होतं, चौकशीत त्याच्यावर काही सिद्ध होणार नाही. सुटेल तो. वर्षभरात सगळे विसरतील. मरेल असं कुणाला वाटलं होतं?"

"तो बाहेर बसला होता. तुम्हाला या दाराच्या काचेतून दिसत होता."

वैजनाथांनी काचेकडं पाहिलं नाही.

"अजून दिवस आहेत," जोहरा म्हणाल्या. "त्या कार्यालयाचे वारस तुम्ही. तुमच्या एका अर्जावर पैसे सुटतात. कक्ष बांधून होईल. त्या बाईची पेन्शन सुरू होईल. अर्ज मी लिहून आणलाय."

त्यांनी कागद पुढं सरकवला. वैजनाथांनी तो वाचला, पेनाचं टोपण काढलं, आणि परत लावलं.

"उद्या सकाळी देतो. एकदा नीट वाचतो."

दुसऱ्या दिवशी सकाळी केबिनला कुलूप होतं. शिवकन्यानं खाली मान घालून सांगितलं, साहेब वैद्यकीय रजेवर गेलेत. पदभार कुणाकडं दिलेला नाही.

८

जोहरांनी अहवाल लिहिला, सगळा, स्पष्ट. वरच्या साहेबांनी तो वाचून बाजूला ठेवला.

"काम चांगलं केलंत. पण यावर सही कोण करणार? उदगीरचं कार्यालय नाही. लातूरचे प्रमुख रजेवर."

"तुम्ही मंत्रालयाला कळवा. मुदत वाढवून मागा."

"कळवतो की."

त्यांनी कळवलं. मार्चच्या तिसऱ्या आठवड्यात शंका विचारून कागद परत आला, बंद झालेल्या कार्यालयानं स्वतः मागणी का केली नाही याचा खुलासा करावा. जोहरांनी खुलासा लिहिला. त्या स्वतः मुंबईला जाऊन तो देऊन आल्या. टेबलावरच्या माणसानं पोच दिली आणि म्हणाला, वर्षअखेर आहे मॅडम, एप्रिलमध्ये बघू. तुम्ही तरी मागणी करा म्हटलं, तर नांदेडला आप्पासाहेबांनी हात जोडले. त्यांना निवृत्तीच्या तोंडावर नवा पत्रव्यवहार नको होता.

एकतीस मार्चला संध्याकाळी रामलिंगांचा फोन आला. "गेले मॅडम. सरकारजमा झाले. मी बघतच बसलो होतो."

मे महिन्यात वैजनाथ पुण्याला रुजू झाले. अहवालावर शेरा आला, की रक्कम शासनाकडंच जमा असल्यानं शासनाचं नुकसान झालेलं नाही. सबब चौकशीची गरज नाही. जोहरांनी लगेच विचारलं, मग गुरुबसप्पांवरचं आरोपपत्र रद्द करा. उत्तर आलं, दोन्ही मंडळांचा ताळमेळ अद्याप न झाल्यानं ते प्रकरण प्रलंबित राहील. पेन्शनही प्रलंबित राहील.

जोहरा उदगीरला गेल्या. उन्हाचा तडाखा होता. लक्ष्मीबाई दारात मिरच्या वाळत घालत होत्या. जोहरांनी उंबऱ्यावर बसून त्यांना सगळं सांगितलं, काही लपवलं नाही. लक्ष्मीबाईंनी मधे एकदाही विचारलं नाही की पेन्शनचं काय. ऐकून झाल्यावर म्हणाल्या, "म्हंजी त्यानं घेतलं न्हाई."

"नाही अक्का."

"मला ठाव हाय. माज्यासाठी कशाला आलात एवढ्या लांब?" त्यांनी समोरच्या किराणा दुकानाकडं हात केला. "तितं सांगा. ह्यो मलप्पा मला उधार देत न्हाई. चोराची बायको म्हणतो. त्याला सांगा."

जोहरा रस्ता ओलांडून गेल्या. मलप्पा दुकानदार गल्ल्यावर बसला होता, आणखी दोन-तीन गिऱ्हाइकं उभी होती. जोहरांनी आपण कोण ते सांगितलं आणि मोठ्यानं, सगळ्यांना ऐकू जाईल असं सांगितलं, की गुरुबसप्पांनी पैसे घेतले नव्हते. कुणीच घेतले नव्हते.

"मंग गेले कुठं?" मलप्पानं विचारलं.

"सरकारकडं जमा झाले."

"अन् दिल्ते कुणी?"

"सरकारनंच."

मलप्पानं गिऱ्हाइकांकडं बघितलं. त्यांच्यातला एक हसला.

"सरकारचे सरकारला मिळाले," मलप्पा म्हणाला. "म्हंजी झालं काय मंग? काईच न्हाई की."

जोहरांनी बोलायला तोंड उघडलं. त्यांना मांडवखेडची जीप सांगायची होती, बाक सांगायचं होतं, पण गिऱ्हाइकांच्या मालाची वजनं सुरू झाली होती आणि मलप्पा तूरडाळीचं पोतं उघडत होता. त्यांनी एक किलो तांदूळ आणि गूळ घेतला, रोख पैसे दिले, आणि पिशवी घेऊन वळल्या.

समोर लक्ष्मीबाई उभ्याच होत्या, मिरच्यांचा हात कपाळावर धरून, त्यांच्या तोंडाकडं बघत. त्यांनी तिथूनच विचारलं, "काय म्हणला?"